घरबसल्या ध्रुवीय समुद्राचा अभ्यास: बर्फाच्या तक्त्यापासून मॉड राइजच्या भगदाडापर्यंत

दक्षिण महासागरात आत्ता शेकडो स्वयंचलित तरंगक पाण्याखाली फिरत आहेत. दर दहा दिवसांनी ते २००० मीटर खोलीवरून वर येतात, येता येता तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहामार्फत आकडे पाठवतात. साधारण चोवीस तासांत ते आकडे जगातल्या कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. उपग्रहांनी टिपलेल्या समुद्रबर्फाची १९७८ पासूनची नोंदही तशीच खुली आहे. एवढं सगळं हाताशी असताना आपल्याकडचे ध्रुवांवरचे शालेय आणि महाविद्यालयीन प्रकल्प पेंग्विनची चित्रं आणि उतरवून काढलेले चार परिच्छेद यांवरच थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा लेख आकड्यांपर्यंत पोहोचू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. बारावीपर्यंतचं विज्ञान, एक साधा लॅपटॉप आणि एक्सेलसारखा कुठलाही तक्त्यांचा प्रोग्रॅम एवढं पुरतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्याभोवती फिरतात: ध्रुवीय समुद्रात आधी मीठ बघायचं, तापमान नंतर. आपल्या अरबी समुद्रात पाणी हलकं की जड हे मुख्यतः उष्णता ठरवते. पृष्ठभागाचं पाणी २८ अंशांवर असताना एका अंशाच्या फरकाने घनता जेवढी बदलते, तेवढी बदलण्यासाठी गोठणबिंदूजवळ एक अंश अजिबात पुरत नाही. तिथे एका अंशाचा परिणाम सुमारे दहापट कमी असतो. उलट क्षारतेचा परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे अंटार्क्टिकाजवळ क्षारतेतला ०.१ चा (म्हणजे किलोभर पाण्यात साधारण ०.१ ग्रॅम मिठाचा) फरक तापमानातल्या जवळजवळ दोन अंशांच्या फरकाला भारी पडतो. हे ध्यानात नसेल तर तिथला कुठलाही आलेख उलटा वाटतो.

पायरी १: एकच कोपरा निवडा

दोन्ही ध्रुवांचा अभ्यास एकदम सुरू करू नका. आर्क्टिक हा जमिनीने वेढलेला समुद्र आहे आणि अंटार्क्टिका ही समुद्राने वेढलेली जमीन. उत्तरेत बर्फ कोंडला जातो, एकमेकांवर चढतो, काही वर्षं टिकतो. दक्षिणेत त्याला उत्तरेकडे पसरायला मोकळा समुद्र असतो आणि उन्हाळ्यात त्यातला बहुतेक वितळून जातो. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात टाकून सरासरी काढली तर हाती काहीच लागत नाही.

माझा सल्ला: सुरुवात दक्षिणेतून करा, आणि तीही आफ्रिका ते हिंदी महासागर या बाजूने, म्हणजे ० ते ८० अंश पूर्व रेखांशांदरम्यान. भारताची मैत्री (१९८९) आणि भारती (२०१२) ही दोन्ही केंद्रं याच पट्ट्याच्या दक्षिण टोकाला आहेत. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे पोहोचली. खास दक्षिण महासागराच्या अभ्यासासाठीची पहिली भारतीय मोहीम मात्र २००४ ची. ती 'सागर कन्या' या जहाजावरून झाली. म्हणजे या भागात आपल्या लोकांनी स्वतः मोजलेलं पाणी आहे.

पायरी २: समुद्रबर्फाचा तक्ता उतरवून पहिला आलेख काढा

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर इथे राष्ट्रीय हिम-बर्फ विदा केंद्र आहे. त्याच्या संकेतस्थळावर 'सी आइस इंडेक्स' शोधा. तिथे उत्तर आणि दक्षिण गोलार्धाच्या दैनंदिन आकड्यांच्या वेगवेगळ्या सीएसव्ही फाइली (एक्सेलमध्ये उघडणारे साधे तक्ते) मिळतात. दक्षिणेची घ्या. वर्ष, महिना, दिवस, बर्फाचा विस्तार आणि गहाळ क्षेत्र असे स्तंभ दिसतील. विस्तार दशलक्ष चौरस किलोमीटरमध्ये असतो, म्हणजे १७.५ याचा अर्थ पावणेदोन कोटी चौरस किलोमीटर.

आलेख काढण्याआधी 'विस्तार' कसा मोजतात ते समजून घ्या, नाहीतर निष्कर्ष फसतील. उपग्रहावरचं उपकरण समुद्रातून निघणाऱ्या सूक्ष्मतरंग लहरी मोजतं. या लहरी ढगांतून आणि ध्रुवीय रात्रीच्या अंधारातही मिळतात, म्हणून हीच पद्धत वापरतात. सगळा समुद्र सुमारे २५ किलोमीटरच्या चौकटींत विभागलेला असतो. ज्या चौकटीत १५ टक्के किंवा त्याहून जास्त बर्फ, ती संपूर्ण चौकट विस्तारात धरली जाते. म्हणजे विस्तार हा बर्फाने खरोखर झाकलेल्या जागेपेक्षा नेहमीच मोठा असतो. प्रत्यक्ष झाकलेली जागा हवी असेल तर 'क्षेत्रफळ' ही वेगळी नोंद असते, पण उन्हाळ्यात बर्फावर साचलेल्या पाण्याच्या डबक्यांना उपग्रह समुद्र समजतो, म्हणून ती जास्त डळमळीत असते. वर्षावर्षांची तुलना करायला विस्तारच घ्या, आणि तुमच्या वहीत तसं स्पष्ट लिहा.

तक्त्यात दोन खाचा आहेत. १९८७ च्या मध्यापर्यंतचे आकडे एक दिवसाआड आहेत आणि १९८७ च्या डिसेंबरपासून १९८८ च्या जानेवारीच्या मध्यापर्यंत नोंदच नाही. एक्सेल ही रिकामी जागा सरळ रेषेने भरून टाकतं आणि बघणाऱ्याला वाटतं तिथे खरंच मोजमाप होतं. ते भरणं बंद करा.

आता प्रत्येक वर्षाची एक रेषा, आडव्या अक्षावर जानेवारी ते डिसेंबर, असा आलेख काढा. १९८१ ते २०१० या तीस वर्षांची सरासरी जाड काळ्या रेषेत घ्या, कारण बोल्डरचं केंद्रही तुलनेला तीच धरतं. मग २०१४ आणि २०२३ या दोन वर्षांना ठळक रंग द्या. २०१४ च्या सप्टेंबरात अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ २०.११ दशलक्ष चौरस किलोमीटरपर्यंत पसरला होता. उपग्रहांच्या नोंदीतला तो उच्चांक. २०२३ च्या फेब्रुवारीत तो १.७९ दशलक्षांवर आला, हा नीचांक, आणि त्याच वर्षीचा हिवाळी कमाल विस्तार १६.९६ दशलक्षांवरच अडला. दोन्ही वर्षांच्या कमाल विस्तारातला फरक दहा महाराष्ट्रांएवढा भरतो. एका पिढीच्या नोंदीत इतकी उलथापालथ स्वतःच्या हाताने काढलेल्या रेषांत दिसते, तेव्हा ती वाचून कळण्यापेक्षा कितीतरी खोल उतरते.

यावरून लगेच कारणं लिहू नका. २०१४ पर्यंत दक्षिणेतला बर्फ किंचित वाढत होता आणि २०१६ पासून झपाट्याने कमी झाला. असं का झालं याचं उत्तर वरच्या हवेइतकंच खालच्या पाण्यात आहे, आणि पाणी उपग्रहाला दिसत नाही.

पायरी ३: पाणी प्रत्यक्षात कसं मोजतात ते जाणून घ्या

ही पायरी बरेच जण गाळतात. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आकडा कुठून आला हे माहीत नसलेला माणूस त्यातली चूक कधीच ओळखू शकत नाही.

जहाजावरचं मुख्य साधन म्हणजे सीटीडी: विद्युतवाहकता, तापमान आणि दाब मोजणारा संच. क्षारता थेट मोजली जात नाही, ती वाहकतेवरून काढतात. खोलीही थेट मोजत नाहीत, दाबावरून काढतात. एक डेसिबार म्हणजे जवळजवळ एक मीटर. संचाभोवती गोलाकार चौकटीत पाण्याचे नमुने घेणाऱ्या बारा किंवा चोवीस निस्किन बाटल्या उभ्या लावलेल्या असतात, दोन्ही टोकांनी उघड्या. सगळं धूड पोलादी तारेवर विंचने खाली सोडतात. आधी दहाएक मीटरवर थांबवून पंप सुरू झाल्याची खात्री करतात, मग सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगाने खाली. ४००० मीटर उतरायलाच तासाहून जास्त लागतो, आणि तेवढा वेळ जहाज एका जागी धरून ठेवावं लागतं. त्या अक्षांशांत वारा क्वचितच पडलेला असतो, तेव्हा ही सोपी गोष्ट नाही. तळाजवळ पोहोचल्यावर परतीच्या वाटेवर ठरलेल्या खोल्यांवर थांबत एकेक बाटली बंद करतात.

डेकवर आल्यावर खरी घाई. सर्वांत आधी प्राणवायूचा नमुना घेतात, कारण बाटलीत हवा शिरली की पाण्यात विरलेल्या वायूचं प्रमाण बदलायला लागतं. नळीतला एकही बुडबुडा चालत नाही. काचेची कुपी तळापासून भरतात, पाणी भरपूर ओसंडू देतात आणि तिथल्या तिथे मँगनीजचं द्रावण आणि अल्कली आयोडाइड घालतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. क्षारतेचा नमुना शेवटी घेतला तरी चालतो, पण त्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी लागते, नाहीतर आधीच्या नमुन्याचं मीठ मिसळतं. प्रयोगशाळेत या बाटल्यांवरून सीटीडीची क्षारता ताडून बघतात.

ध्रुवीय थंडीत एक जास्तीचं संकट असतं. सीटीडीतली वाहकता मोजणारी नळी काचेची असते. हवा शून्याखाली २० अंशांवर असताना तिच्यात राहिलेलं पाणी गोठलं तर काच तडकते. म्हणून संच शेवटच्या क्षणापर्यंत उबदार खोलीत ठेवतात. यामुळेच, आणि जाड बर्फात जहाजच शिरत नसल्यामुळे, दक्षिण महासागराची जहाजावरची मोजमापं बहुतेक उन्हाळ्यातली, म्हणजे डिसेंबर ते मार्चची आहेत. कुठल्याही जुन्या नकाशाकडे बघताना हे लक्षात ठेवा: तो बराचसा उन्हाळ्याचा नकाशा आहे.

हिवाळ्याची पोकळी भरली ती लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या स्वयंचलित तरंगकांनी (त्यांच्या जागतिक प्रकल्पाचं नाव आर्गो) आणि, ऐकून नवल वाटेल, सीलनी. एलिफंट सीलच्या डोक्यावर छोटं सीटीडी चिकटवतात. केस गळायच्या हंगामात ते आपोआप पडून जातं. सील बर्फाखाली शेकडो मीटर बुड्या मारतो आणि वर आला की उपकरण आकडे पाठवतं. पूर्व अंटार्क्टिकात केप डार्न्लीजवळ तळाचं थंड, जड पाणी तयार होतं, हे सिद्ध करण्यात या सीलांच्या नोंदींचा वाटा होता.

पायरी ४: दोन तरंगकांचे आलेख शेजारी ठेवा

आर्गोच्या आकड्यांची दोन जागतिक केंद्रं आहेत, एक फ्रान्समधल्या ब्रेस्टला आणि दुसरं अमेरिकेत माँटेरेला. आपल्याकडची जबाबदारी हैदराबादच्या इन्कॉइसकडे, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडे आहे. नवशिक्याला सर्वांत सोपं म्हणजे 'आर्गोव्हिस' हे संकेतस्थळ: नकाशावर चौकट आखा, तारखा द्या, त्यातल्या नोंदी समोर येतात.

पहिली चौकट गोव्याच्या पश्चिमेला भर अरबी समुद्रात आखा. एक नोंद उतरवून खोली खालच्या दिशेला ठेवून तापमानाचा आलेख काढा. वर २८ अंशांच्या आसपास, मग काही दशक मीटरांनंतर उतरण, १००० मीटरवर ८-९ अंश. वर गरम, खाली गार.

दुसरी चौकट ६० अंश दक्षिणेला, जानेवारी-फेब्रुवारीची. इथे वर एक-दोन अंश, त्याखाली ५० ते १०० मीटरच्या आसपास तापमान शून्याखाली घसरलेलं, आणि आणखी खाली २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात परत दीड-दोन अंश. गार पाणी वर, त्याहून गरम पाणी खाली, आणि तरीही सगळं स्थिर. आता शेजारी क्षारतेचा आलेख काढा: वर ३४ च्या आसपास किंवा त्याहून कमी, खाली ३४.७. कोडं तिथेच सुटतं. खालचं पाणी गरम असूनही जास्त खारट, म्हणून जड. मधला थंड पट्टा म्हणजे गेल्या हिवाळ्याचं उरलेलं पाणी, ज्याच्यावर उन्हाळ्याने वितळलेल्या बर्फाचा पातळ, गोडसर थर चढवला.

उत्तरेतही हेच आहे. नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात 'फ्राम' हे जहाज बर्फात गोठवून आर्क्टिक ओलांडत वाहत गेला, तेव्हा त्याला थंड पृष्ठजलाखाली शून्याच्या वरचं अटलांटिकचं पाणी सापडलं होतं. बंगालच्या उपसागरातही हिवाळ्यात नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे असा उलटा थर कधी कधी दिसतो. ज्यांना घराजवळचं उदाहरण हवं असेल त्यांनी ते नक्की काढून बघावं.

उतरवताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, प्रत्येक आकड्याला गुणवत्तेचा शिक्का असतो: १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट. सुरुवातीला फक्त १ चेच घ्या. दुसरी, नावात 'अ‍ॅडजस्टेड' असलेले स्तंभ असतील तर तेच वापरा; क्षारतेचं उपकरण वर्षानुवर्षं पाण्यात राहून हळूहळू सरकतं आणि ती चूक नंतर दुरुस्त केलेली असते. आपला सगळा भर क्षारतेवर आहे म्हटल्यावर इथे हयगय नको. तिसरी, हिवाळ्यातल्या नोंदींचं स्थान तपासा. बर्फाला धडकून तुटू नये म्हणून हे तरंगक वर येताना ५० ते २० मीटरच्या पट्ट्यातलं तापमान बघतात. ते उणे १.७९ अंशांच्या खाली असेल तर वर बर्फ असणार असं समजून परत बुडतात आणि आकडे साठवून ठेवतात. वसंतात मोकळं पाणी मिळालं की सगळं एकदम पाठवतात. मधल्या काळातली ठिकाणं अंदाजाने भरलेली असतात आणि त्यांच्यावर ८ चा शिक्का असतो.

पायरी ५: ध्रुवीय सीमा स्वतः शोधा

ध्रुवीय सीमा म्हणजे अंटार्क्टिकाचं थंड पाणी आणि उत्तरेकडचं कोमट पाणी जिथे भेटतात ती रेषा. ५५ ते ६० पूर्व रेखांश आणि ४० ते ६० दक्षिण अक्षांश अशी उभी चौकट आखून एका उन्हाळ्यातल्या सगळ्या नोंदी घ्या आणि अक्षांशानुसार लावा. प्रत्येकीत थंड पाण्याचा तो मधला पट्टा शोधा. ज्या अक्षांशापर्यंत २०० मीटर खोलीवर हा २ अंशांहून थंड पट्टा टिकतो, तिथे ध्रुवीय सीमा धरायची अशी रुळलेली पद्धत आहे. या भागात ती साधारण ५० अंश दक्षिणेच्या आजूबाजूला मिळते. सीमा नागमोडी असते, भोवऱ्यांमुळे तुटते, कधी दोनदा सापडते. तसं झालं तर घाबरू नका, दोन्ही लिहून ठेवा.

या सीमेच्या दोन्ही बाजूंनी अंटार्क्टिकाला प्रदक्षिणा घालणारा प्रवाह वाहतो. सेकंदाला सुमारे १३ ते १७ कोटी घनमीटर पाणी.

पायरी ६: तापमान-क्षारता आलेख

जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचा 'ओशन डेटा व्ह्यू' हा प्रोग्रॅम उतरवून घ्या. अभ्यासासाठी तो फुकट आहे. आडव्या अक्षावर क्षारता, उभ्यावर तापमान, आणि मागे समान घनतेच्या रेषा. अरबी समुद्राच्या आलेखात या रेषा बऱ्यापैकी तिरक्या दिसतात. अंटार्क्टिकाच्या आलेखात त्या जवळजवळ उभ्या होतात. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला नियम तुमच्यासमोर चित्ररूपात येतो, म्हणून ही पायरी घाईने उरकू नका. बिंदूंना खोलीप्रमाणे रंग द्या आणि पृष्ठजल, हिवाळी पाणी आणि खालचं गरम-खारट पाणी या तीन जागा पेन्सिलीने ओळखा. तळाचं पाणी इथे मिळणार नाही, कारण साधे तरंगक २००० मीटरवरच थांबतात. त्यासाठी जहाजाच्या नोंदी लागतात.

पायरी ७: मॉड राइजचं भगदाड

आता सगळं एकत्र आणा. मैत्री केंद्राच्या वायव्येला, सुमारे सातशे किलोमीटरांवर, ६५ दक्षिण आणि ३ पूर्व या ठिकाणी मॉड राइज नावाचा समुद्राखालचा पर्वत आहे. १९७४ ते १९७६ या तीन हिवाळ्यांत वेडेल समुद्राच्या या बाजूला गोठलेल्या बर्फात महाराष्ट्राच्या जवळपास आकाराचं मोकळं पाणी राहिलं होतं. मग चाळीस वर्षं तसं मोठं काही झालं नाही. २०१७ च्या सप्टेंबरात मॉड राइजवर पुन्हा भगदाड पडलं.

बोल्डरच्या केंद्राचे दैनंदिन नकाशे उघडा आणि २०१७ चे ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे तीन मधले दिवस काढा. भर हिवाळ्याच्या शेवटी, चहूबाजूंनी शेकडो किलोमीटर बर्फ असताना मधोमध निळा ठिपका दिसेल. त्याच दिवसांचे २०१५ चे नकाशे तुलनेला ठेवा.

मग आर्गोव्हिसवर ६३ ते ६७ दक्षिण, ० ते ८ पूर्व अशी चौकट आखून २०१५ ते २०१८ च्या नोंदी घ्या. प्रत्येक नोंदीत दोनच गोष्टी काढा: वरच्या ५० मीटरची सरासरी क्षारता आणि ३०० मीटरवरची क्षारता. दोन्हींतला फरक काळानुसार मांडा. फरक जितका लहान, तितकं वरच्या गोड पाण्याचं झाकण पातळ. संशोधकांनी तरंगक आणि सील यांच्या नोंदींवरून हेच दाखवलं: पृष्ठजल नेहमीपेक्षा खारट झालेलं होतं, झाकण कमकुवत होतं, त्यात जोरदार वादळांनी पाणी घुसळलं आणि खालचं गरम पाणी वर येऊन बर्फ वितळवत राहिलं. वर आलेलं पाणी थंड होऊन पुन्हा खोल बुडतं, त्यामुळे ही क्रिया एकदा सुरू झाली की काही आठवडे चालू शकते.

तुमच्या चौकटीत नोंदी थोड्या असतील आणि तरंगक वाहत असल्याने सगळ्या पर्वताच्या माथ्यावरच्या नसतील. म्हणून प्रत्येक बिंदूशेजारी अक्षांश-रेखांश लिहा आणि माथ्यावरच्या व कडेच्या नोंदींना वेगळे रंग द्या. जागेतला फरक काळातला बदल समजून बसणं ही या कामातली सगळ्यात मोठी गल्लत आहे.

इथून पुढे

हे सगळं जमलं तर मार्गदर्शकाकडे जायला तुमच्याजवळ बोलण्यासारखं काही असेल. गोव्यात वास्कोच्या हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्र आहे आणि दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला ही दोन्ही ठिकाणं तशी जवळची. तिथे विचारणा करताना स्वतः काढलेला एक आलेख आणि त्यातून पडलेला एक नेमका प्रश्न सोबत द्या. अंटार्क्टिक मोहिमेसाठी निवड झालेल्यांची दिल्लीच्या एम्समध्ये वैद्यकीय तपासणी होते आणि औलीला इंडो-तिबेट सीमा पोलिसांकडून बर्फात राहण्याचं प्रशिक्षण मिळतं.

उत्तरेकडे वळायचं असेल तर नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोंग्सफ्योर्डन या खाडीपासून सुरुवात करा. न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून भारताचं हिमाद्री केंद्र आहे आणि त्या खाडीत २०१४ च्या जुलैमध्ये १९२ मीटर खोलीवर 'इंडार्क' ही नांगरलेली वेधशाळा बसवली गेली. तिथे प्रश्न वेगळा आहे: अटलांटिकचं गरम, खारट पाणी खाडीत केव्हा आणि किती शिरतं. पद्धत मात्र तीच ठेवा, पहिला आलेख क्षारतेचा.